बँकॉकचा एक दिवस: सकाळी राजवाडा, रात्री याओवारात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून चौघं निघालेत: विचारणारे स्वतः, पत्नी, 11 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या आई. बँकॉकमध्ये मोकळा दिवस एकच. यादीत ग्रँड पॅलेस, वाट अरुण (थाईमध्ये "वाट" म्हणजे देऊळ), फ्लोटिंग मार्केट, चातुचाक बाजार आणि सफारी वर्ल्ड. रस्त्यावरचं खाणंही अनुभवायचंय, पण आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाकी तिघांना मासे, चिकन चालतं. आईंना जमेल का, पोट बिघडणार नाही ना, आणि दमायला झालं तर काय गाळायचं?

मी बरीच वर्षं मराठी मंडळींना घेऊन थायलंडला जातोय, त्यामुळे ही यादी ओळखीची आहे. आधी कात्री लावतो. दामनोन सादुआकचा तरंगता बाजार बँकॉकमध्ये नाहीच. तो राचाबुरी प्रांतात, जवळजवळ 100 किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन अर्धा दिवस संपतो आणि हाती येतात ते फ्रिजवर लावायचे चुंबक. चातुचाकचा मोठा बाजार शनिवार-रविवारचा, आणि तिथल्या गल्ल्यांमधून आईंना चालवत नेणं म्हणजे शिक्षा. सफारी वर्ल्ड मुलाला आवडेल, पण तो पूर्ण दिवसाचा कार्यक्रम आहे. तिन्ही सोडा. उरलं ते नदीकाठचं जुनं शहर, आणि एका दिवसाला ते पुरून उरतं.

दिवस कसा बांधायचा, यासाठी थोडा इतिहास सांगतो, कारण रस्ता त्यातूनच निघतो. 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने तेव्हाची राजधानी अयुथ्या लुटली. त्यानंतर राजा ताकसिनने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरीला राजधानी केली. 1782 मध्ये "पहिला राम" म्हणून ओळखला जाणारा राजा गादीवर आला आणि त्याने राजधानी नदीपलीकडे, पूर्व काठावर हलवली. राजवाड्यासाठी जी जागा निवडली तिथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला तिथून उठवून दक्षिणेला, साम्पेंगला बसवलं. तोच आजचा चायनाटाउन, आणि त्याचा मुख्य रस्ता याओवारात. म्हणजे तुमची सकाळ त्या जुन्या वस्तीच्या जागेवर जाईल, संध्याकाळ ती जिथे गेली तिथे, आणि मधे नदीपलीकडे वाट अरुणला ताकसिनची थोनबुरी. राजवाडा ते याओवारात हे अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. सगळा दिवस या पट्ट्यात ठेवलात तर टॅक्सीत बसून ट्रॅफिक बघण्याची वेळ येणार नाही. एका दिवसात लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात तो तिथेच.

बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिथले सकाळचे साडेसात म्हणजे तुमच्या शरीराचे सहा. मुलगा कुरकुर करणार, तरीही साडेसातला हॉटेल सोडाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडले तर अकरानंतरचं ऊन वयस्कर माणसाला झेपत नाही, आणि एप्रिलमध्ये तर तरुणालाही नाही. ब्रेकफास्ट हॉटेलात असला तरी अर्धंच पोट भरा. आज जेवणं नाहीत, दिवसभर थोडं थोडं खायचं आहे.

स्कायट्रेनने सफान ताकसिन स्टेशनला उतरलात की खालीच साथोर्न धक्का. तिथे पर्यटक बोटीची महागडी तिकिटं विकणारे मोठ्याने हाका मारत असतात. त्यांच्याकडे न बघता नारिंगी झेंड्याच्या एक्स्प्रेस बोटीची रांग शोधा. तिकीट 16 बाट, कुठेही उतरा. ही तिथल्या चाकरमान्यांची बोट आहे. धक्क्याला लागते तेव्हा दोरी टाकणारा माणूस शिट्टीवर शिट्टी वाजवत असतो आणि चढ-उतार अर्ध्या मिनिटात उरकायची असते. आईंचा हात धरा. बोटीत भिक्खूंसाठी राखलेली जागा असते, तिथे बसू नका. बायकांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही एवढं अंतर ठेवायचं. बरोबर आठला स्टेशनवर किंवा धक्क्यावर राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळे थांबले, तर आपणही थांबायचं. हेच संध्याकाळी सहाला पुन्हा होतं.

था चांग धक्क्याला उतरून राजवाड्याकडे चालताना एखादा नीटनेटका, गोड बोलणारा माणूस सांगेल की आज राजवाडा बंद आहे, किंवा सकाळी फक्त थाई लोकांना प्रवेश आहे. तोवर वीस बाटमध्ये टुकटुकने चार देवळं दाखवतो म्हणेल. त्या फेरीचा शेवट रत्नांच्या दुकानात होतो. ही फसवणूक इतकी जुनी आहे की राजवाड्याबाहेर तिच्याबद्दल सूचना दिल्या जातात, तरी लोक रोज फसतात. राजघराण्याच्या समारंभांमुळे राजवाडा कधीकधी खरोखरच बंद असतो. ते आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळावर बघा आणि रस्त्यावरच्या कुणाचं ऐकू नका.

दार साडेआठला उघडतं, तिकीट 500 बाट. कपड्यांबाबत राजवाडा कडक आहे: बिनबाह्यांचं काही नाही, गुडघ्यावरचं नाही, अंगाला चिकटलेल्या लेगिंग्ज नाहीत, फाटकी जीन्स नाही. आईंची साडी उत्तम. अडतो तो नेहमी मुलगा, हाफ पँटमुळे. त्याला फुल पँट घाला. बूट लेसचे नकोत, दिवसभर काढघाल आहे.

आत शिरल्यावर सगळे घाईने पाचूच्या बुद्धाकडे जातात. जा. मूर्ती फक्त 66 सेंटिमीटरची, हिरव्या जेडची, आणि उंच सिंहासनावर इतकी वर की डोळे बारीक करावे लागतात. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशी तिची तीन वस्त्रं आहेत आणि ती बदलण्याचा मान राजाचा. आत फोटो काढू देत नाहीत, आणि बसताना पाय मागे घ्यायचे, तळवे मूर्तीकडे करायचे नाहीत. हे आईंना सांगावं लागणार नाही.

आईंसाठी खरा ठेवा मात्र बाहेरच्या ओवरीत आहे, आणि बहुतेक गट तिथे दोन मिनिटंही थांबत नाहीत. देवळाभोवतीच्या भिंतीवर 178 चित्रांत रामकियन रंगवलंय. पहिल्या रामाने 1797 मध्ये पूर्ण करून घेतलेलं थाई रामायण. उत्तरेच्या दारापासून सुरू करा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालत राहा. जनकाला शेतात सापडलेली सीता दिसेल, पण इथली सीता मुळात तोसाकानची, म्हणजे रावणाची मुलगी आहे. हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी अजिबात नाही. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या सुवन्नमच्छा या मत्स्यकन्येला तो पकडायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो. ती पुन्हा रावणाचीच मुलगी. हे ऐकून आमच्या गटातल्या आजी आधी चपापतात, मग प्रत्येक चित्रापाशी थांबून "इथे काय चाललंय?" विचारायला लागतात. ओवरीला सावली आहे, मधून मधून टेकताही येतं. साडेदहापर्यंत वेळ इथे द्या. राजदरबाराच्या इमारती, ते युरोपी भिंतींवर थाई छप्पर चढवलेलं चाक्री महाप्रासाद, चालता चालता बघून होतं.

बाहेर पडलात की भूक लागलेली असेल. काचेच्या पेटीत बर्फावर फळं ठेवलेली हातगाडी गाठा: अननस, पेरू, पपई, कलिंगड. विक्रेता समोर चिरून पिशवीत काडीसकट देतो, 20 ते 40 बाट. इथे शाकाहाऱ्यांसाठी पहिला सापळा आहे. कच्च्या कैरीबरोबर जी चिकट तपकिरी गोड चटणी देतात, ती माशाच्या सॉसमध्ये गूळ आटवून केलेली असते आणि वर सुकट घातलेली असते. आईंसाठी नुसतं मीठ-मिरची-साखरेचं कोरडं पूड घ्या, "फ्रिक क्लुआ" म्हणा. ओल्या नारळाचं पाणी घेतलंत तर आतली मलई खायला चमचा मागायला विसरू नका.

वाट फो तिथून दहा मिनिटांच्या चालीवर. तिकीट 300 बाट, त्यात पाण्याची बाटली येते. पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात 108 शुभचिन्हं कोरलीत. मागच्या बाजूला 108 काशाच्या भांड्यांत एकेक नाणं टाकत जायचं असतं. मुलाला हे काम द्या, तो खूष राहतो. थाई मालिशचं जुनं विद्यापीठ म्हणजे हेच देऊळ. आवारात पायांची मालिश करून मिळते. आईंना अर्धा तास तिथे बसवा. मला विचाराल तर दिवसातला सर्वांत चांगला खर्च केलेला पैसा तो.

आता दुपार, आणि मुख्य प्रश्न: आई काय खाणार?

थायलंडमध्ये "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. विक्रेता मान डोलावतो, मांसाचे तुकडे काढून टाकतो आणि माशाचं सॉस घालून तीच प्लेट देतो. त्याच्या लेखी ती भाजीच असते. कामाला येतो तो शब्द "जे". चिनी बौद्ध परंपरेतलं हे खाणं: मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. दुकानावर किंवा गाडीवर पिवळी पताका असते आणि तिच्यावर लाल थाई अक्षर, लांबून इंग्रजी 17 आकड्यासारखं दिसणारं. ती पताका दिसली की डोळे मिटून बसा. बटाटा, मुळा, गाजर मात्र असतं, त्यामुळे काटेकोर जैन मंडळींनी विचारून घ्यावं. आणखी एक गंमत आधीच सांगून ठेवतो. "जे" दुकानातल्या थाळ्यांमध्ये हुबेहूब मांसासारखे दिसणारे तुकडे असतात. ते सोयाचे किंवा गव्हाच्या चिकाचे असतात, पण दिसायला इतके खरे की आई ताटावरून उठतील. भात, टोफू, मशरूम आणि पालेभाज्या बोट दाखवून घ्या.

पताका नसलेल्या गाडीवर खायचं असेल तर चार गोष्टी सांभाळायच्या: नाम प्ला म्हणजे माशाचं सॉस, नाम मान होय म्हणजे कालवांचं सॉस, कापी म्हणजे सुकटाची चटणी, आणि सुकट स्वतः. "माई साय नाम प्ला" म्हणजे नाम प्ला घालू नका. "माई साय खाय" म्हणजे अंडं नको. वाक्याच्या शेवटी पुरुषांनी "खाप" आणि बायकांनी "खा" जोडलं की समोरचा माणूस एकदम मवाळ होतो. उच्चार फसतातच, म्हणून हॉटेलच्या रिसेप्शनवर कुणाकडून तरी फोनमध्ये थाई लिपीत लिहून घ्या: अंडं, मांस, मासे, माशाचं सॉस, कालवांचं सॉस, सुकट काही नको. विक्रेत्याला ते दाखवा. सोम तामही, म्हणजे कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर, अशी करून मिळते. फक्त मिरची एकच घालायला सांगा. त्यांची एक म्हणजे आपल्या चार.

पण एक खरं सांगतो. कढई तीच असते, झारा तोच, आणि पुष्कळ गाड्यांवर तळण-परतणीला डुकराची चरबी वापरतात. आईंना हे चालणार नसेल (बहुतेक आईंना चालत नाही) तर त्यांच्यासाठी तिखट पदार्थ फक्त पताकेच्या दुकानातून घ्या आणि रस्त्यावरून त्यांनी गोड, फळं, भाजलेलं आणि उकडलेलं खावं. त्यात काही कमीपणा नाही. थाई रस्त्यावरचं गोड खाणं हे तिखटाइतकंच मोठं दालन आहे, आणि मांसाहारी पर्यटक सॅटे-नूडल्सच्या नादात ते चुकवतात.

दुपारी जेवणाला दोन वाटा आहेत. एक, वाट फोच्या जवळून सनाम चाय मेट्रो पकडून एकच स्टेशन पुढे साम योटला उतरायचं आणि चालत पाहुरातला जायचं. हा बँकॉकचा भारतीय भाग. सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा, कापडबाजार, समोसे, चहा, उत्तर भारतीय थाळी. आईंना सकाळपासून चहाची तलफ असेलच. मी एरवी परदेशात भारतीय जेवणाच्या विरोधात आहे, पण दुपारी आईंनी वरण-भात खाल्ला की संध्याकाळी त्या उत्साहाने नव्या गोष्टी चाखतात, हा अनुभव आहे. दुसरी वाट, तिघांनी पाद थाय, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, खायचा. तो काही फार प्राचीन पदार्थ नाही. पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांच्या काळात, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे राष्ट्रीय पदार्थ म्हणून सरकारी उत्तेजनाने तो पसरला. महाचाय रस्त्यावरचं थिप समाय त्यासाठी गाजलेलं आहे, तिथे रांग असते. साध्या गाडीवरचाही चांगला असतो, फक्त त्यात सुकट, नाम प्ला आणि अंडं तिन्ही असतं.

पाद थाय समोर आला की टेबलावर चार बरण्या दिसतील: साखर, तिखटाची भुकटी, मिरच्या घातलेलं व्हिनेगर, नाम प्ला. चव प्रत्येकाने आपली आपण जुळवायची, ते स्वयंपाक्याचा अपमान मानत नाहीत. उलट आधी न चाखताच मिरची घालणाऱ्याकडे बघून हसतात.

सनाम चाय स्टेशन मात्र चुकवू नका. खांब आणि छत राजदरबारासारखे सजवलेत, आणि इथून पश्चिमेला जाणारी गाडी नदीखालच्या बोगद्यातून जाते. हा मार्ग 2019 मध्ये सुरू झाला. मेट्रोत तिकिटाच्या रांगेत उभं राहायला नको, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं टॅप करायचं कार्ड फाटकावर चालतं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकावर चौघं जाता येत नाही.

एक ते साडेतीन उन्हात काहीही करू नका. हॉटेल मेट्रोजवळ असेल तर सरळ जाऊन झोपा. नाहीतर सनाम चायला लागूनच म्यूझियम सयाम आहे: वातानुकूलित, मुलांना हात लावून बघता येईल असं, सोमवारी बंद. स्वच्छतागृहांची काळजी नको. बहुतेक ठिकाणी आपल्यासारखा पाण्याचा जेट असतो, युरोपसारखी पंचाईत नाही.

चारच्या सुमाराला था तियेन धक्क्यावरून 5 बाटच्या तरीने पलीकडे वाट अरुण. तिकीट 200 बाट. पाचूचा बुद्ध राजवाड्यात जाण्याआधी इथे होता. लांबून दगडी वाटणारं शिखर जवळ गेल्यावर चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांचं आणि शिंपल्यांचं निघतं. चीनहून येणाऱ्या जहाजांत वजनासाठी भरलेली भांडीकुंडी फुटली की ती अशी कामी आली, असं सांगतात. वर कोनाड्यांत तीन तोंडांच्या ऐरावतावर बसलेला इंद्र आहे, तो मुलाला शोधायला लावा. पायऱ्या खूप उभ्या आहेत. आईंनी खालीच बसावं. आवारात सगळीकडे थाई राजकन्येचे पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्या मुली दिसतील. पत्नीला हौस असेल तर एक तास जादा धरा.

पाचच्या पुढे वाट अरुणच्याच धक्क्यावरून नारिंगी बोट पकडा आणि राचावोंगला उतरा. तिथून याओवारात रस्ता दहा मिनिटांवर. बोट चुकली तर पंधरा मिनिटं चालत इत्साराफाप स्टेशन, आणि मेट्रोने नदीखालून वाट मांगकोन. त्या स्टेशनच्या छतावर चिनी ड्रॅगन आहे.

याओवारात सहानंतर जागा होतो. दिवसा तो सोन्याच्या पेढ्यांचा रस्ता, लाल पाट्या आणि साखळ्यांनी भरलेल्या काचा. अंधार पडला की त्याच पेढ्यांच्या समोर, रस्त्याची कडेची पट्टी अडवून गाड्या लागतात. पहिला नियम: आल्या आल्या खायचं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी एकदा नुसतं चाला. कुठे थाई लोक उभे आहेत, कुठे फक्त पर्यटक, काय ताजं होतंय, पिवळ्या पताका कुठे आहेत, हे डोळ्यांत भरून घ्या. मग परत येताना खा. एकेक प्लेट चौघांत, म्हणजे सहा-सात गोष्टी होतील.

तुम्हा तिघांसाठी: होय थोत, म्हणजे कालवं किंवा शिंपल्या घालून लोखंडी तव्यावर केलेलं कुरकुरीत आमलेट. त्यातली कालवं अर्धी कच्ची असू शकतात, तेव्हा मुलाला तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचं द्या. फिशबॉल घातलेलं नूडल्सचं सूप. फादुंग दाओ गल्लीच्या तोंडाशी समोरासमोर दोन सीफूडवाले आहेत, एकाचे पोरगे हिरव्या शर्टात, दुसऱ्याचे लाल. भाजलेली मोठी कोळंबी तिथे खा, ऑर्डर देण्याआधी भाव वाचून. तोम याम कुंग मागवलात तर गवती चहाच्या काड्या, आल्यासारख्या गलांगलचे तुकडे आणि लिंबाची पानं चावायची नसतात, बाजूला काढायची. या सूपला डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. कुआय जाप या मिरमिरीत सूपची दुकानं फार प्रसिद्ध आहेत आणि रांगा मोठ्या असतात, पण त्यात डुकराचे आतड्यांसकट सगळे अवयव असतात. चालत असेल तर जरूर खा, नसेल तर आईंना घेऊन त्या रांगेजवळून लवकर पुढे सरका. शार्कच्या परांच्या सूपच्या मोठ्या पाट्या दिसतील. महाग, बेचव, आणि त्या माशाचे हाल करून मिळवलेलं. मी कुणालाही तिथे नेत नाही.

आईंसाठी: काळ्या वाळूत भाजलेले गरम चेस्टनट, सोलून खायचे. आल्याच्या गरम तिखट-गोड पाण्यात काळ्या तिळाचं सारण भरलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, "बुआ लॉय नाम खिंग". हे मी शाकाहारी मंडळींना सगळ्यात आधी खायला लावतो. आलं इतकं झणझणीत की दिवसभराचा शीण जातो, आणि दूधही नसतं. हिरव्या शेवयांसारखं लोत चोंग, नारळाच्या दुधात बर्फ घालून. खनोम क्रोक म्हणजे नारळाच्या दुधाचे आप्पेच, तळाला कुरकुरीत आणि वर थरथरणारे. हे सकाळी जास्त मिळतात, पण रात्रीही दिसतात. आंबा आणि चिकट भात नारळाच्या दुधासह. आंब्याचा खरा हंगाम एप्रिल-मे, तरी वर्षभर मिळतो. कोकणच्या माणसाने हापूसशी तुलना करायची नाही, त्यांचा नाम दोक माय वेगळा, पातळ सालीचा, बिनरेषांचा आणि भाताबरोबर तोच शोभतो. अंडं कुठे लपतं तेही लक्षात ठेवा: पांदान या सुवासिक पानांचं हिरवं कस्टर्ड, खनोम बुआंग या छोट्या कुरकुरीत घडीच्या पोळ्यांमधला पांढरा फेस आणि वरच्या सोनेरी शेवया, आणि केळं घातलेली रोटी. रोटीवाल्याला आधीच "माई साय खाय" म्हणा, तो वरचं अंडं गाळेल, पण पुष्कळदा कणकेतही अंडं असतं, म्हणून आईंनी रोटी टाळलेलीच बरी.

लाल डाळिंबाच्या रसाच्या बाटल्या दिसायला सुंदर, भाव चढा. एक घेऊन चौघांनी चाखा. विंचू काडीला लावलेले दिसले तर ते पर्यटकांसाठी आहेत, काही जण नुसत्या फोटोचेही पैसे घेतात.

पोटाबद्दल. एकच पदार्थ करणारी गाडी, समोर उकळतं किंवा तळतं, आणि माल पटापट संपणारा: या तीन गोष्टी जमल्या की मला भीती वाटत नाही. मधे भोक असलेला नळकांडीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. पाणी बाटलीतलंच, सेव्हन इलेव्हन या दुकानांमधून. रात्री टाळायच्या त्या मोठ्या थाळ्यांमध्ये मांडून ठेवलेल्या रस्सेभाज्या, कारण त्या सकाळी शिजवलेल्या असतात, आणि कच्चे खेकडे घातलेलं सोम ताम. आपल्या लोकांचं पोट बिघडतं ते फक्त अस्वच्छतेमुळे नाही. दिवसभर उन्हात कमी पाणी पिऊन रात्री नारळाचं दूध, मिरची आणि तळण एकदम पोटात गेल्यामुळेही बिघडतं. ओआरएसची दोन पाकिटं पिशवीत ठेवा आणि एक दुपारीच संपवा.

पैशांचं सांगायचं तर, प्रौढाची तिन्ही तिकिटं मिळून 1000 बाट, खाणं माणशी 500-600 बाट, सीफूड सोडून. एक बाट पावणेतीन रुपयांच्या आसपास धरा. गाड्यांवर रोख लागते, आणि 1000 ची नोट पाहून विक्रेते तोंड वाकडं करतात, म्हणून सकाळीच सेव्हन इलेव्हनमध्ये ती मोडून 20 आणि 100 च्या नोटा करून घ्या. तिकिटांचे दर मी लिहितोय तेव्हाचे आहेत.

वार निवडता येत असेल तर सोमवार टाळा. त्या दिवशी रस्ते धुण्यासाठी याओवारातच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत. आणि तारखा हातात असतील तर चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस गाठा. तेव्हा "जे" उत्सव असतो आणि अख्खा याओवारात पिवळ्या पताकांनी भरून जातो. एरवी मांस विकणारेही त्या दिवसांत "जे" पदार्थ करतात. हे नऊ दिवस पुष्कळदा आपल्या नवरात्राशीच जुळतात. 2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरला सुरू झाले होते. 2025 मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आल्याने त्यांचा उत्सव महिनाभर पुढे गेला, 2026 मध्ये पुन्हा दोन्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतात. आईंचे नवरात्राचे उपास नसतील तर त्यांच्यासाठी याहून चांगला मुहूर्त नाही.

दमायला झालं तर वाट अरुण गाळा. था तियेनच्या काठावरून ते समोरच दिसतं आणि फोटोही तिथूनच चांगला येतो. वाट फोची मालिश आणि याओवारात गाळू नका. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी धो धो पाऊस येतो, पण तो तास-दीड तासात ओसरतो. तेवढा वेळ वाट मांगकोन स्टेशनात थांबा. गाड्यावाले प्लास्टिक ओढून तिथेच उभे असतात आणि पाऊस थांबला की पहिली कढई पाच मिनिटांत तापते. परतताना मेट्रोच घ्या, ती मध्यरात्रीपर्यंत असते. आई अगदीच थकल्या असतील तर ग्रॅब या टॅक्सीच्या अ‍ॅपवरून गाडी बोलवा, पण याओवारातवर नव्हे. मागच्या चारोएन क्रुंग रस्त्यावर जाऊन बोलवा, नाहीतर गाडी यायला अर्धा तास लागतो. आणि मुलाने हट्ट करून दुरियन हे फळ घेतलंच, तर ते तिथेच संपवा. हॉटेलं आत येऊ देत नाहीत, आणि वासामुळे ते लपवताही येत नाही.